गढीची माती, आमची घरं

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ऐतिहासिक वास्तूंची यादी कुठंही मिळते. कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औशाचा किल्ला, माहूरचा गड, नांदेडचा गोदाकाठचा नंदगिरी. मग होट्टलची चालुक्यांची देवळं, निलंग्याचा नीळकंठेश्वर, खरोशाची लेणी. यादी आणखी लांबवायची असेल तर गावोगावच्या देशमुखांच्या गढ्या आणि देशपांड्यांचे वाडे. इथं यादी संपते. वेशीच्या बाहेर ती कधी गेली नाही.

मित्रांनो, यादीतल्या नावांवर आपलं भांडण नाही. किल्ले खरे आहेत, देवळं खरी आहेत, वाड्यांचं लाकूडकामही डोळ्यांत भरण्यासारखं आहे. भांडण आहे ते यादी जिथं संपते त्या जागेवर. ‘जुनी घराणी’ हा शब्दच बघा. ज्याला वाडा त्याला घराणं. त्याच गावात, त्याच जागेवर पाच-सात पिढ्या जगून मेलेल्या माणसाला पिढ्या आहेत, पण घराणं नाही. का? तर त्याच्या घराचं काही उरलं नाही. दगड उरतो, कूड उरत नाही. आणि जे उरत नाही त्याचा इतिहास नसतो, असं इतिहास लिहिणाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आपल्याला बोलायचंय ते यावर.

कंधारपासून सुरू करू. राष्ट्रकूटांची ही मोठी नगरी. किल्ल्याचा उगम दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्णाशी जोडला जातो. जवळच जगत्तुंग सागर नावाचं जुनं तळं आहे, तेही राष्ट्रकूटांचंच. पुढं बहामनी आले, अहमदनगरची निजामशाही आली, मोगल आले, शेवटी हैदराबादचा निजाम. ज्यानं त्यानं आपल्या परीनं बुरूज वाढवले, दरवाजे बसवले, मशीद बांधली, महाल बांधले. राजाचा धर्म बदलला, दप्तराची भाषा बदलली. खंदक तोच राहिला.

त्या खंदकाच्या काठावर उभं राहून नुसता हिशेब करा. तळाचा खडक फोडायला किती पहारी झिजल्या असतील? निघालेली माती आणि मुरूम किती डोक्यांनी वर नेला असेल? राजाचं नाव शिलालेखात असतं. देवाचं असतं. दान घेणाऱ्याचं गोत्रासकट असतं. टोपली उचलणाऱ्याचं नाव कोरावं असं कुठल्या राजाला वाटल्याचं दिसत नाही.

आणि एक गोष्ट आपणही नीट ध्यानात ठेवावी. हे सगळं एकट्या महारांनी केलं, असा दावा करत सुटू नका. दगड वडारांनी फोडला, पाथरवटांनी घडवला, बेलदारांनी रचला, तुळया सुतारांनी तासल्या, कड्या-कोयंडे लोहारांनी ठोकले. आपलंच घोडं पुढं दामटायचं तर वडाराच्या घामाची चोरी केल्यासारखं होईल. पुस्तकांनी आपल्याबाबत जे केलं तेच आपण त्यांच्याबाबत करायचं काय?

उदगीर आणि औशाबद्दल पुस्तकांत भरपूर आहे, म्हणून थोडक्यात. १६३६ साली मोगलांनी दोन्ही किल्ले वेढा घालून घेतले. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगिरला सदाशिवरावभाऊनं निजामाला हरवलं. ती लढाई शाळेच्या पुस्तकात असते. औशाचा किल्ला सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरकडं होता. हा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. बाजारात हात बदलत बदलत दख्खनला आला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. त्याचं नाव राहिलं, कारण तो किल्ल्याच्या आत पोचला. त्याच्यासारखे जे बाहेर राहिले त्यांची नावं कुणी विचारली नाहीत.

आता गढीकडं या. आपल्या रोजच्या जगण्याशी किल्ल्यापेक्षा गढीचा संबंध जास्त.

आपल्याकडं गावाची जमीन दोन रंगांची. वस्ती ती पांढरी, शेत ते काळी. गढी म्हणजे पांढरीतला सगळ्यात उंच भाग. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यावर बुरूज, आत वाडा, आड, धान्याची पेवं. पेंढाऱ्यांच्या, रोहिल्यांच्या लुटालुटीच्या काळात वतनदारानं हे बांधलं. घरही तेच, खजिनाही तोच, ठाणंही तेच. सारा थकला की कुळाला आणून बसवायची जागाही तीच.

गढीतला किंवा गावातला वाडा बघायचा असेल तर ढेलजेपासून बघा. मोठा दरवाजा, त्याला दिंडी, दोन्ही बाजूला बसायचे ओटे, ती ढेलज. मग चौक. चौकाभोवती ओसरी, सोपा, आत माजघर, देवघर, अंधारी खोली आणि बळद. बळद म्हणजे भिंतीत बांधलेलं धान्याचं कोठार. वरून ओतायचं, खालून काढायचं. वाड्याची मापं खणांत सांगतात. दहा खणांचा, वीस खणांचा. जितके खण तितकी इज्जत.

या वाड्यात कोणी कुठंवर यायचं, हे माणसानं सांगायची गरजच नव्हती. वास्तूच सांगत होती. सरकारी पाहुणा सोप्यावर. कुणबी ओसरीच्या कडेला. कारूनारू ढेलजेत. महार-मांग ढेलजेच्याही बाहेर, उन्हात, तिथूनच जोहार घालायचा. आमच्या बाया मागल्या दारानं. शिळी भाकरी तिकडूनच मिळायची, पदरात वरून टाकलेली. लोक म्हणतात वाड्याची रचना हवेशीर, थंड, शास्त्रशुद्ध. असेल. पण त्या रचनेत जातीची पायरी जोत्याच्या पायरीइतकीच पक्की बसवलीय. कागदावर वाड्याचा नकाशा काढा आणि प्रत्येक खोलीत कुणाला मज्जाव होता ते लिहा. गावगाड्यावरचं आख्खं पुस्तक त्या एका कागदावर येतं.

या वाड्याचं छप्पर म्हणजे माळवद. ते कसं करतात, हे नव्या पोरांना माहीत नाही, म्हणून सांगतो. भिंतींवर नाहीतर खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडं, लाकडांवर किलचा, त्यावर पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. पांढऱ्या मातीचा गुण असा की पाऊस पडला की ती मिटते, पाणी खाली जाऊ देत नाही. दरसाल पावसाळ्याच्या आधी वर नवी माती टाकायची. उन्हाळ्यात मराठवाड्याचं ऊन डोकं फोडतं, त्यावर ही माती रामबाण. आत थंडगार. धूर-उजेडाला माळवदात एक भोक, त्याला सवणं म्हणतात.

ही माती कोण वाहायचं? गावाचं कुसू पडलं, वेस ढासळली, चावडी गळायला लागली की डागडुजी गावकीच्या महाराच्या अंगावर. ते गावकीचं काम झालं. वाड्याचं काम वेठीचं. लाकडं फोडून द्यायची, मेलेलं ढोर ओढायचं, मयताचा सांगावा घेऊन परगावी जायचं, अंमलदार आला की त्याच्या घोड्याची वैरण बघायची. मोबदला म्हणजे खळ्यावरचं बलुतं आणि दारातली भाकरी. त्यात कर्ज झालं की माणूसच गहाण. हैदराबाद संस्थानात या गहाण माणसाला भागेला म्हणत. निजाम सरकारला १९३६ साली भागेल्यांच्या करारांबद्दल कायदा करावा लागला, म्हणजे ही चाल किती माजली असेल ते समजा. कायदा दप्तरात राहिला. भागेला गोठ्यात राहिला.

हैदराबाद इलाख्याबाहेरची एक साक्ष इथं द्यायलाच पाहिजे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका मुलीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे. पुण्याला जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांगाची पोर. मोठमोठ्या इमारती बांधताना आमच्या माणसांना पायात गाडत होते, असं तिनं स्पष्ट लिहिलं. इमारतीचा इतिहास पायाकडून लिहिणारी ही मराठीतली पहिली लेखिका, असं मी म्हणतो. वास्तुशास्त्राच्या पंडितांनी तिचं नाव घेतलेलं मी वाचलं नाही. गावोगाव किल्ल्याच्या, तलावाच्या, बुरुजाच्या अशा कहाण्या सांगतात. कुठं जोडपं गाडलं म्हणतात, कुठं सून. या कहाण्या गोळा करा, पण कहाणी म्हणूनच लिहा. कुणी कुठं बसून सांगितली ते लिहा. एका कहाणीला खोटा सन चिकटवला की सगळ्या खऱ्या कहाण्या खोट्या ठरवायला समोरचा मोकळा होतो.

आता वेशीबाहेर.

वेस म्हणजे गावाचं तोंड. आणि तिचा राखणदार येसकर. येसकर म्हणजे वेसकरच. त्याचं नाव वेशीवरून पडलं, पण घर वेशीच्या आत नाही. रात्री तो वेस लावणार, चोर आला तर आधी त्याचं डोकं फुटणार, आणि पहाटे वेस उघडून तो बाहेर जाणार. ज्या भिंतीची राखण त्याच्याकडं, त्या भिंतीच्या आत त्याला जागा नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या उगमावर पुस्तक लिहिलं, त्यात या कोड्याला हात घातला. हरलेल्या, फुटलेल्या टोळ्यांतली माणसं वसलेल्या गावांनी राखणीसाठी बाहेर ठेवली आणि पुढं ती बाहेरचीच राहिली, असा त्यांचा सिद्धांत. विद्वान त्यावर वाद घालतात, घालोत. पण प्रश्न बघा कुठून सुरू झाला: घर कुठं आहे, इथून. घराची जागा हा इतिहासाचा पुरावा आहे, ही शिकवण त्यातून घ्यायची.

दुसरीकडं बाबासाहेबांनी गावानं अस्पृश्यांवर लादलेल्या नियमांची यादीच दिलीय. वस्ती वेगळी हवी. ती दक्षिणेला हवी, कारण दक्षिण अशुभ. घरावर कौलं घालायची नाहीत. म्हणजे आमचं घर कच्चं राहिलं ते नुसत्या गरिबीनं नाही, तो नियम होता. पुढं कोणी म्हणालं की दलितांना बांधकामाची परंपरा नाही, तर त्याला हा नियम वाचून दाखवा.

तुराट्या-पळाट्यांचा कूड, दोन्ही बाजूंनी शेणामातीचं लिंपण, वर गवत नाहीतर उसाचं पाचट. एक दार, तेही वाकून जायचं. आत एक कोपरा चुलीचा, एक कोपरा शेळीचा. ज्याला जरा बरं त्याचं मातीच्या भिंतीचं, बुटकं माळवद. दरवर्षी पावसाच्या आधी डागडुजी, आणि ती बहुतेक बाईच्या हातची. पांढरी माती आणायची ती ढासळलेल्या गढीतून. गावातले सगळेच तिथून आणतात. वाड्याची भिंत पडत गेली आणि तिची माती टोपल्या-टोपल्यांनी घराघराच्या माळवदावर चढली. कुठं कुठं गढीचा आता नुसता टेकाड राहिलाय. लोक हळहळतात, वारसा गेला म्हणून. मला विचाराल तर ज्या डोक्यांनी माती वर नेली त्याच डोक्यांनी ती खाली आणली, यात हळहळण्यासारखं मला फारसं दिसत नाही. बुरुजाची मापं घेऊन, फोटो काढून मग माती नेली असती तर बरं झालं असतं, एवढंच.

आमच्या वस्तीत एक वास्तू मात्र सगळ्यांची होती. तक्क्या. पडवीवजा, चार खांबांची नाहीतर नुसती चार भिंतींची. परगावचा माणूस आला तर उतरायला तक्क्या, पंचाईत बसली तर तक्क्या, भजन तक्क्यात, मयताचं बोलणं तक्क्यात. वाड्याच्या ढेलजेत ज्याला बसता येत नव्हतं त्यानं स्वतःसाठी बांधलेली ही बसायची जागा. १९५६ नंतर तक्क्याचं रूप पालटलं. मरीआई गेली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर आली, समोर निळा झेंडा आला. पुढं समाजमंदिर, मग विहार. जागा बहुतेक ठिकाणी तीच. तेव्हा विहाराचा इतिहास लिहिताना तो उद्घाटनाच्या पाटीपासून सुरू करू नका. पाटीवर आमदाराचं नाव असतं. त्याच्याखालच्या जागेवर आधी काय होतं ते विचारा.

गढीवाल्यांचं राज्य कागदावर संपलं १९४९ साली, जहागिऱ्या खालसा झाल्या तेव्हा. १९५० साली कूळकायदा आला. त्याआधी १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली. मुक्तिदिनाच्या भाषणात जे येत नाही तेही आपण लिहायला पाहिजे. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं पोलीस ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी केली, त्यात सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होतं, उदगीर-निलंगा-अहमदपूर बीदरला. म्हणजे हा आपलाच मुलूख. घरं त्याही वेळी लुटली गेली. बाहेरच्या माणसाचं घर जळणं काय असतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी दुसऱ्याच्या जळालेल्या घरावर गप्प बसू नये.

मग आलं १९७८. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि दोन-तीन दिवसांत मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात आग फार भडकली. टेंभुर्णीत ऑगस्टमध्ये पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. त्यांचं नाव आपण दरवर्षी घेतो. पण मला इथं बोलायचंय ते घरांबद्दल. विद्यापीठाचं नाव औरंगाबादेत बदलायचं होतं, आणि राग काढला कुणावर? खेड्यातल्या कुडावर. ज्याला विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे माहीत नव्हतं, त्याचं पाचटाचं छप्पर पेटवलं. का? तर घर जाळलं की माणूस गाव सोडतो, आणि गाव सोडला की त्याचा गावावरचा हक्क सुटतो. दंगलखोरांना हे इतिहासकारांपेक्षा चांगलं कळत होतं.

किल्ल्यावर हल्ला झाला तर तोफेचा गोळा बुरुजात रुतून राहतो. मार्गदर्शक तो दाखवतो, पाहुणे फोटो काढतात. १९७८ ला जळालेल्या घराचं काय दाखवणार? कूड एका काडीनं जातो, पहिल्या पावसात राख वाहून जाते. त्या जागेवर नवी भिंत उठते आणि जळाल्याची खूण कुठं राहत नाही. ज्यांचं जळलं त्यांच्यातले बरेच आता हयात नाहीत. जे आहेत त्यांची साठी-सत्तरी उलटलीय. तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही.

नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. सोळा वर्षं लागली. त्याच्या साडेतीन महिने आधी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. गणपती बुडवून लोक झोपले होते. औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या भागातली गावंच्या गावं मातीत गेली. किल्लारी, तळणी, मंगरूळ, सास्तूर, होळी. मेलेल्यांचा सरकारी आकडा ७,९२८.

या भूकंपानं शतकांची एक गोष्ट उघडी पाडली. भूकंप मध्यम होता, ६.२ ते ६.४ रिश्टर. जपानात एवढ्यानं एवढी माणसं मरत नाहीत. इथं मारलं ते घरांनी. भिंती दगडाच्या, पण जोडल्या नुसत्या चिखलानं. अडीच-तीन फूट, कुठं त्याहून रुंद. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे दगडगोटे भरलेले. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. वर माळवद, दीड-दीड दोन-दोन फूट माती, दरसालची नवी माती जुनीवर चढत गेलेली. जमीन हलली, भिंतीचे थर सुटले, वरची सगळी माती खाली आली. माणसं दगडानं मेली तशीच मातीत गुदमरूनही मेली. जिथं माळवद भिंतीवर नव्हतं, लाकडी खांबांवर होतं, तिथं कुठं कुठं भिंती पडूनही छप्पर उभं राहिलं. आणि जी घरं कुडाची, गवताची, पत्र्याची होती, त्यांतली माणसं जास्त वाचली. हलकं छप्पर अंगावर पडलं तरी माणूस उठतो.

यावर कोणी म्हणेल, बघा, वाडे पडले आणि झोपड्या राहिल्या, निसर्गानं न्याय केला. असलं काही बोलू नका. मातीखाली आपलीही माणसं होती. चार पैसे आल्यावर आपणही हौसेनं दगडाची भिंत आणि माळवदच बांधलं, कारण इज्जतीचं घर म्हणजे तसलंच घर, हे गावानं आपल्यालाही शिकवलं होतं. आणि जो झोपडीमुळं वाचला तो झोपडीत का होता, हे विसरून चालत नाही. कौल घालू नको म्हणणाऱ्या नियमाचा त्या रात्री उलटा परिणाम झाला, इतकंच.

खरी गोष्ट पुढंच आहे. जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पुनर्वसन झालं. ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरली. नवी जागा, कोरा कागद. हजार वर्षांत पहिल्यांदा गावाचा नकाशा नव्यानं काढायची संधी आली होती. सरकारनं काय केलं? घरं तीन प्रतींची केली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फुटांचं घर. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फुटांचं. सात हेक्टरच्या वर जमीन असेल तर ७५० चौरस फुटांचं.

पुन्हा वाचा. मेलेली माणसं मोजून नाही, उरलेल्या माणसांची गरज बघून नाही, घर दिलं ते सातबारा बघून. सात माणसांच्या भूमिहीन कुटुंबाला २५० फूट, तीन माणसांच्या जमीनदाराला ७५०. कारण सांगितलं की ज्याला शेत जास्त त्याला अवजारं, धान्य, जनावरं जास्त. हे कारण नवं आहे काय? वाड्याला खण जास्त का, याचं उत्तर देशमुखाच्या दिवाणजीनं हेच दिलं असतं. फरक एवढाच, की आधी हा नियम वहिवाटीचा होता, आता तो सरकारी ठरावाचा झाला. वाडे पडले, पण वाड्याचं माप सिमेंटच्या घरांत जाऊन बसलं. ही घरं आता तीस वर्षांची झाली. मी तर म्हणतो, लातूर जिल्ह्यातल्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत २५० फुटांचं एक घर घातलंच पाहिजे. औशाच्या किल्ल्याच्या खालोखाल.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ठीक आहे, इतिहास झाला. आज त्याचं काय? आज त्याचं असं आहे.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं झालं. आपल्या लोकांनी कित्येक ठिकाणी भीमनगर, सिद्धार्थनगर ही नावं त्याच्या कितीतरी आधी स्वतःच लावली होती. पण नाव बदललं म्हणून नकाशातली जागा बदलत नाही. त्याच साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोननं गावठाणाचं मोजमाप, घराघराला मिळकत पत्रिका. गावठाणातल्या घराला. आणि आमची वस्ती वाढली ती कुठं? गावठाणात जागा दिलीच नाही म्हणून गायरानात. गढीचं पडकं टेकाड गावठाणात आहे, त्याला पत्रिका मिळते. तीन पिढ्यांची चूल ज्या घरात पेटली ते गायरानात आहे, त्याला अतिक्रमण म्हणतात.

गायरान आपल्याला कुणी मेहरबानीनं दिलेलं नाही. १९५९ चा भूमिहीनांचा सत्याग्रह, मग ६ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेला देशभरचा सत्याग्रह. दादासाहेब गायकवाडांच्या हाकेला आपले आजे-आज्या तुरुंगात गेल्या. १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी ठराव नोव्हेंबर १९९१ ला निघाला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, पण त्याच निकालात अपवादही सांगितलाय: सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना असं सार्वजनिक काही असेल, तर विचार होऊ शकतो. नोटीस घेऊन येणारा माणूस हे शेवटचं वाक्य वाचून दाखवत नाही. आपल्याला ते पाठ पाहिजे.

म्हणून घराचा इतिहास लिहिणं हे नुसतं मासिकाचं काम नाही. केव्हापासून राहता, हा प्रश्न कचेरीत विचारतात, आणि ‘बापजाद्यापासून’ हे उत्तर तिथं चालत नाही.

कामाचं सांगतो. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा. घरपट्टीची जुन्यात जुनी नोंद कोणत्या सालची आहे ते बघा. घरपट्टीच्या पावत्या, लाइटबिलं, रेशनकार्डं, मतदार यादीची पानं, सत्याग्रहातल्या तुरुंगाच्या चिठ्ठ्या जुन्या पेट्यांतून निघतात. त्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. तहसीलमध्ये १९५४-५५ चं खासरा पत्रक मागा, मराठवाड्यात सगळं त्यावरून सुरू होतं. त्याआधीचं दप्तर उर्दूत आहे आणि साल फसली आहे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. तेराशे पंचेचाळीस म्हणजे १९३५. उर्दू वाचणारा म्हातारा मुसलमान पाड्यात नक्की सापडेल. त्याच्याकडं जा, त्याच्या घराचंही विचारा, ते पण लिहून घ्या.

मग टेप घेऊन वस्तीत फिरा. वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला, वेशीपासून किती पावलं, आड कुठं होता, तक्क्या कुठं होता, मसणवट्याची वाट कुठून जाते, हे एका कागदावर काढा. घर कुडाचं कधी होतं, माळवद कधी झालं, पत्रा कधी आला, घरकुल कधी मंजूर झालं. प्रत्येक बदलाबरोबर घरातल्या एखाद्या लग्नाचं नाहीतर मयताचं साल जोडा, म्हणजे साल चुकत नाही. १९७८ ला काय जळलं ते वेगळ्या कागदावर. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा, तारीख, आणि दोन साक्षीदार.

विचारायला गेलात की घरातले पुरुष पुढं होतात आणि पुढाऱ्यांची नावं सांगत बसतात. त्यांचं ऐकून घ्या, मग आत जाऊन म्हातारीला विचारा. भिंत तिनं लिंपलीय. कुठल्या खाणीची माती, किती खेपा, कुणाच्या वेळी पोटुशी असताना माळवदावर चढली, कोणता कोपरा जळाला आणि नवा घातला, हे तिला विचारलं तर ती भिंतीला हात लावून दाखवते.